आपल्या मागच्या गाडीची जबाबदारी

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या भाषणाचा मजकूर. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका करून.)



कट्ट्याच्या चिटणीसांनी मला बजावलं आहे, "साहेब, तुमच्या त्या जुन्या गाड्यांच्या कोकण सहलीबद्दल बोला, पण वीस मिनिटांत आटपा." बँकेत 38 वर्षं काढली आहेत. वेळेत कॅश बंद करून हिशेब जुळवायची सवय आहे, तेव्हा चिंता नसावी.

आपल्यापैकी बहुतेकांना बी विंगच्या पार्किंगमधली माझी क्रीम रंगाची गाडी ठाऊक आहे. सगळे तिला 'फियाट' म्हणतात. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, 1982 सालची. 1974 पासून या गाडीवर पद्मिनी हे नाव आलं, पण लोकांच्या तोंडातून फियाट काही गेलं नाही. वालचंद हिराचंद यांनी उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि तिचा कुर्ल्याचा कारखाना हे आपल्या पिढीला सांगायला नको. नंबर लावून वाट पाहायची आणि गाडी आली की पेढे वाटायचे, असा तो काळ. मी बँकेच्या वाहन कर्जातून ती घेतली आणि दरमहा पगारातून हप्ता कापून घेत फेडली.

आता ही गाडी 'व्हिंटेज' आहे का, असं मुलं विचारतात. नाही, बाळांनो. 2021 मध्ये केंद्र सरकारने जे नियम केले त्यानुसार 50 वर्षांवरची, मूळ स्वरूपात ठेवलेली, खासगी वापराची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं असतात. त्या हिशेबाने माझी गाडी 2032 मध्ये पात्र होईल. तेव्हा ती 50 ची आणि मी 82 चा. दोघांपैकी कोण फिटनेस पास होतंय ते बघू! पण आमचा क्लब उदार आहे. चालू स्थितीतली जुनी गाडी आणि ती स्वतः चालवणारा मालक, एवढी अट पुरते.

तर मार्च महिन्यात आमच्या क्लबने किनाऱ्या-किनाऱ्याने गुहागरपर्यंत जायचं ठरवलं. अकरा गाड्या, चोवीस माणसं. माझ्यासारख्या तीन पद्मिनी, एक डुक्कर फियाट, तीन अँबेसेडर, एक स्टँडर्ड हेराल्ड, एक मॉरिस मायनर, एक फोक्सवॅगन बीटल आणि एक जीप. डुक्कर फियाट म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं आहे ते हसले. गोलमटोल पाठीची, पुढची दारं उलटी उघडणारी ती जुनी अकराशे.

निघण्याच्या आठ दिवस आधी आमची एक बैठक झाली. तिथे जे नियम ठरले ते मला सहलीइतकेच सांगण्यासारखे वाटतात.

पहिला नियम, सर्वांत हळू गाडी दुसऱ्या नंबरवर. आपल्याला वाटतं, हळू चालणारा मागून येईल. पण तो मागे राहिला की पुढचे लांब जातात, तो घाबरून गाडी दामटतो आणि जुनी गाडी दामटली की तापते. तो दुसऱ्या नंबरवर असला की पहिल्या गाडीला आरशात तोच दिसतो आणि सगळ्या ताफ्याचा वेग आपोआप त्याचा होतो. आमचा वेग तासाला 45 ते 50 किलोमीटर होता. मागून येणारे हॉर्न वाजवायचे, ओलांडताना काच खाली करून फोटोही काढायचे.

दुसरा नियम, प्रत्येकाने आपल्या मागच्या गाडीची जबाबदारी घ्यायची. पुढच्याला गाठायची धडपड करायची नाही. फाटा आला की मागची गाडी दिसेपर्यंत वळणावर थांबायचं, ती दिसली की निघायचं. एवढं प्रत्येकाने पाळलं तर अकराची अकरा गाड्या बिनचूक पोहोचतात. कोणाला सगळ्यांवर लक्ष ठेवावं लागत नाही. मोबाइलला रेंज नसली तरी बिघडत नाही, आणि कोकणात ती कुठे नसेल हे सांगता येत नाही.

तिसरा, सूर्यास्तानंतर गाडी चालवायची नाही. जुन्या गाड्यांचे दिवे मंद आणि आमचे डोळे त्याहून मंद.

चौथा नियम पैशाचा. तो अर्थातच माझ्या आग्रहाने आला. प्रत्येक गाडीमागे दोन हजार रुपये आधीच जमा करायचे. 22 हजारांचा हा अडीअडचणीचा फंड. कोणाची गाडी बंद पडली तर खर्च त्यातून. बंद पडणाऱ्याला त्या क्षणी खिशाचा विचार करावा लागू नये.

रविवारी सकाळी पनवेलला जमलो. पेण, वडखळ, अलिबाग, मग रेवदंड्याला कुंडलिका ओलांडून कोर्लई आणि मुक्कामाला मुरूड. वडखळच्या गर्दीत बीटलवाले निर्धास्त होते. त्यांचं इंजिन मागे आणि हवेने थंड होणारं, रेडिएटर नाहीच. आम्ही बाकीचे मात्र टेम्परेचरच्या काट्याकडे डोळे लावून.

सोमवारी सकाळी आगरदांड्याहून दिघीला फेरीबोट. राजपुरीच्या खाडीतून जाताना मागे जंजिरा दिसतो. जुन्या गाड्या बोटीवर चढवणं हे वेगळंच काम आहे. ओहोटी असली की उतार वाढतो आणि गाडीचं पोट घासायची भीती असते. हँडब्रेकवर आमचा कोणाचाच फार भरवसा नाही, म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाखाली लाकडी ठोकळा लावायचा. बोटीवरच्या पोरांनी ठोकळे आमच्या हातातून घेऊन स्वतःच लावले. त्यातला एक जण म्हणाला, "आजोबा, माझ्या बापाची हीच टॅक्सी होती मुंबईला." मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 अखेर रस्त्यावरून गेल्या, हे त्याला तारखेसकट माहीत होतं.

पुढे दिवेआगर, श्रीवर्धन. दुपारी बाराच्या उन्हात माझ्या गाडीने आचके दिले आणि ती थांबली. याला आम्ही 'व्हेपर लॉक' म्हणतो. जुन्या गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनालाच बसवलेला असतो. उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ होते, पंप वाफ ओढत बसतो आणि कार्ब्युरेटरला पेट्रोल मिळत नाही. नव्या गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल दाबाने येतं, म्हणून तुम्हा तरुणांना हा शब्दही ठाऊक नसेल. उपाय सोपा. पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि वीस मिनिटं झाडाखाली बसायचं. आमच्या सौ.नी तेवढ्यात सगळ्यांना कोकम सरबत दिलं. वीस मिनिटांनी गाडी एका स्टार्टमध्ये सुरू.

खरी परीक्षा पुढे होती. हरिहरेश्वरला जेवून बागमांडल्याहून बोटीने सावित्रीची खाडी ओलांडली आणि वेश्वीला उतरलो. तिथला चढ चढताना आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ सभासदांची 1978 सालची अँबेसेडर उकळली. ते निवृत्त मुख्याध्यापक, वय 79. बॉनेट उघडल्यावर दिसलं की वॉटर पंपाचं बेअरिंग गेलेलं, सीलमधून पाण्याची धार. आमच्या पेटीत फॅनबेल्ट, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, प्लग, होज सगळं होतं. वॉटर पंप मात्र कोण बरोबर घेऊन फिरतं?

साडेचार वाजले होते. मुक्काम हर्णैला ठरलेला आणि आगाऊ पैसे भरलेले. मधे केळशी, आंजर्ले, वळणावळणाचा रस्ता आणि अंधाराआधी पोहोचायचं. सर शांतपणे म्हणाले, "तुम्ही सगळे निघा. माझ्यामुळे अकरा गाड्यांचा खोळंबा नको. मी एखादा ट्रक बघून गाडी परत नेतो. तसंही माझी ही शेवटचीच फेरी. लायसन्सची मुदत पुढच्या वर्षी संपते, मुलगा म्हणतो आता नूतनीकरण करू नका."

कोणी काही बोलेना. मग चर्चा सुरू झाली आणि ती गोडीगुलाबीची नव्हती, हेही सांगायला हवं. एक जण म्हणाले, "नियम म्हणजे नियम, एक थांबला की सगळे थांबणार." दुसरे म्हणाले, "माझ्याबरोबर डायबेटिसची पेशंट आहे, तिचं इन्शुलिन, जेवणाच्या वेळा, सगळं हर्णैच्या मुक्कामाच्या हिशेबाने आखलेलं आहे." तिसऱ्यांना दुसऱ्या दिवशी गुहागरला नातेवाइकांकडे कार्याला पोहोचायचं होतं. दोघांच्याही अडचणी खऱ्या होत्या. चोवीस माणसांना आयत्या वेळी एका खेड्यात खोल्या मिळतील का, हाही प्रश्न होताच.

तेव्हा हेराल्डवाल्या बाई बोलल्या. ही गाडी त्यांच्या यजमानांची. ते गेल्यावर तीन वर्षं झाकून ठेवलेली. मग साठीनंतर बाईंनी ती दुरुस्त करून घेतली आणि स्वतः चालवायला लागल्या. त्या म्हणाल्या, "सगळ्यांनी थांबायची गरज नाही. पण सर एकटे राहणार नाहीत, एवढं ठरवू. ज्यांना जाणं भाग आहे त्यांनी उजेड आहे तोवर निघावं, मनात काही न ठेवता. आणि मागे राहणाऱ्यांनीही त्यांना बोल लावू नये."

असंच झालं. चार गाड्या पुढे गेल्या, सात थांबल्या. जीपने दोरखंड लावून सरांची अँबेसेडर ओढली आणि आम्ही बाणकोटवरून वेळासला आलो. वेळास म्हणजे नाना फडणविसांचं गाव. आता ते कासवांसाठी प्रसिद्ध आहे. कासव पाहायला येणाऱ्यांसाठी गावात घरोघरी राहायची सोय आहे, आणि सोमवार असल्यामुळे गर्दी नव्हती. पंधरा जण तीन घरांत मावलो. रात्री कुळथाचं पिठलं, भात आणि सोलकढी. सर जेवताना गप्प होते. नंतर अंगणात बसल्यावर म्हणाले, "मला वाटलं होतं तुम्ही सगळे जाल. मी तुमच्या जागी असतो तर कदाचित गेलो असतो." यावर कोणी काही उत्तर दिलं नाही. डुक्कर फियाटवाल्यांनी पत्त्यांचा डाव मांडला, एवढंच.

घरमालकांनी रात्रीच मंडणगडच्या एका मेकॅनिकला फोन केला. त्या मेकॅनिकने खेडला आपल्या ओळखीत फोन केला. तिथे एका मोडीत निघालेल्या अँबेसेडरचा पंप बाजूला काढून ठेवलेला होता. सकाळच्या एसटीने तो पंप वर्तमानपत्रात गुंडाळून मंडणगडला आला. कोकणात एसटीच्या कंडक्टरच्या हातून काय काय येतं-जातं, हे चाकरमान्यांना सांगायला नको. मेकॅनिक साठीचा. आयुष्यभर अँबेसेडर टॅक्स्यांवर हात बसलेला. दीड तासात पंप बसवून, पाणी भरून, इंजिन चालू करून कान लावून ऐकत उभा राहिला. म्हणाला, "आता मुंबईपर्यंत बघायला नको." त्याच्याबरोबर त्याचा मदतनीस होता, विशीचा. त्याला त्याने प्रत्येक नट स्वतः काढायला आणि लावायला दिला होता.

पंपाची वाट पाहत असताना आम्ही सकाळी सातला किनाऱ्यावर गेलो. ऑलिव्ह रिडले जातीची कासवं वाळूत अंडी घालून निघून जातात, एका घरट्यात शंभरच्या आसपास. कुत्री-कोल्हे ती खातात, पूर्वी माणसंही नेत. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ही अंडी कुंपणाच्या आत सुरक्षित ठेवायला सुरुवात केली. दीडेक महिन्याने पिल्लं बाहेर येतात आणि त्यांना समुद्राकडे सोडतात. त्या दिवशी नऊ पिल्लं होती. तळहाताएवढीही नाहीत. उचलून पाण्यात सोडायची नाहीत, वाळूवरून स्वतः चालू द्यायची, असा दंडक आहे. सर चष्मा पुसत पुसत ती सगळी पाण्यात जाईपर्यंत उभे होते.

त्या दिवशी दुपारी केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली करत दाभोळला पोहोचलो. पुढे गेलेल्या चारपैकी तीन गाड्या जेट्टीवर आमची वाट पाहत उभ्या होत्या. चौथी कार्याला गेली होती आणि ती रात्री गुहागरात भेटली. कोणी कोणाला बोल लावला नाही.

दाभोळच्या धक्क्यावर मला माझी नोकरी आठवली. 1984 मध्ये मी त्या भागात बँकेत होतो. तेव्हा वाशिष्ठीच्या मुखावर फक्त लाँच. माणूस, टोपली आणि फार तर सायकल पलीकडे जायची. गाडी घेऊन दापोलीहून गुहागरला जायचं तर खेड-चिपळूणवरून मोठा वळसा. 2003 मध्ये दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली आणि समोर दिसणारं गाव खरोखर समोर आलं. आता रेवस ते रेडी सागरी महामार्गावर या खाड्यांवर पूल होणार आहेत. व्हायलाच हवेत. तिथल्या बाळंतिणीला आणि आंबेवाल्याला बोटीची वाट पाहत बसायला सांगायचा आपल्याला हक्क नाही. पण पूल होण्याआधी एकदा आपली गाडी बोटीत घालून या, एवढंच सुचवतो.

परतल्यावर हिशेब केला. पंप, मजुरी, मेकॅनिकची जा-ये, हर्णैची बुडालेली आगाऊ रक्कम, सगळं मिळून 9,900 रुपये. शिल्लक 12,100. प्रत्येक गाडीला 1,100 रुपये परत. एकाही माणसाने "दुसऱ्याच्या गाडीवर माझे 900 का?" असं विचारलं नाही. फंड आधी जमा होता म्हणून विचारलं नाही. वेश्वीच्या चढावर वर्गणी मागितली असती तर त्याच चोवीस जणांत वाद झाला असता, हे 38 वर्षांच्या अनुभवाने सांगतो.

आता सोसायटीबद्दल दोन शब्द, आणि मग बसतो. आपली इमारत 25 वर्षांची झाली. उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का. दरवर्षी वार्षिक सभेत या फंडावरून कुरकुर होते. "आम्ही तळमजल्यावर राहतो, गच्चीच्या गळतीशी आमचा काय संबंध?" "लिफ्ट आम्ही वापरत नाही." मंडळी, आपला वॉटर पंप कधी जाणार हे कोणालाच माहीत नसतं. आपल्याकडे आता असे किती तरी सभासद आहेत जे जिना चढताना दोनदा थांबतात, ज्यांची मुलं परदेशी आहेत, ज्यांना मोबाइलवर मेंटेनन्स भरता येत नाही. त्यांना दुसऱ्या नंबरवर घ्यायला हवं. लिफ्ट दुरुस्तीला बंद ठेवायचा दिवस ठरवताना आधी चौथ्या मजल्यावरच्या आजींच्या डायलिसिसची तारीख विचारली, तर आपला ताफा बरा चालला आहे असं मी म्हणेन.

पार्किंगचाही विषय निघालाच आहे. वापरात नसलेल्या गाड्या हलवाव्यात, अशी नोटीस समितीने लावली आहे. ती योग्य आहे. 25 वर्षांपूर्वी आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या गाड्या होत्या, आता दुचाकीला जागा नाही. तेव्हाच्या त्या मोजक्या गाड्यांतली माझी एक. आपल्यापैकी तिघी जणी माझ्या गाडीतून बाळंतपणाला गेल्या आहेत. त्यातली दोन मुलं आज समोर बसली आहेत. तरी जुनी म्हणून तिला सवलत द्या, असं मी मागणार नाही. ती चालते तोवर जागा मागीन. 2027 मध्ये तिच्या नोंदणीचं नूतनीकरण आहे, माझ्या लायसन्सचंही जवळपास तेव्हाच. त्या वेळी डॉक्टर काय म्हणतील ते म्हणतील.

सरांनी, तुम्हाला सांगायचं राहिलं, लायसन्सचा अर्ज भरायचं ठरवलं आहे. पण गाडी आता त्यांची नात शिकते आहे. मागच्या सीटवर सर बसतात आणि हेडमास्तरच्या आवाजात सूचना देतात.

माझी मुलं इथे नाहीत. म्हणून सोसायटीतल्या तरुण मुला-मुलींना सांगतो, दर रविवारी सकाळी आठ वाजता मी गाडीचं बॉनेट उघडतो. पॉइंट घासणं, प्लग साफ करणं, बॅटरीचं पाणी बघणं, स्टिअरिंगवरचा गिअर टाकणं, ज्याला शिकायचं असेल त्याने यावं. नट तुमच्या हातात देईन, मी बाजूला उभा राहीन. हात काळे होतील, जुने कपडे घालून या.

चिटणीस घड्याळ दाखवत आहेत. वीस मिनिटं झाली, हिशेब जुळला.